लाइफटाइम म्हणजे कोणाचं आयुष्य?

गाड्यांचं वेड असलेल्या पोरांमध्ये एक भांडण कधीच मिटत नाही: इंजिनात प्लॅस्टिक कशाला? बॉनेट उघडलं की काळं कव्हर. ते काढलं की खाली काळा मॅनिफोल्ड, काळे पाइप, काळं झाकण. वीस लाखांची टर्बो गाडी आणि आत बादलीचा माल, असं कोणीतरी म्हणतंच. दुसरा म्हणतो, जुन्या गाड्या कशा लोखंडी होत्या. चहा संपतो, भांडण उरतं.

मी सॉफ्टवेअरवाला, पण इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मटेरियल सायन्सचा एक पेपर होता आणि तो मला आवडला होता. म्हणून आधी बादलीचं सांगतो. इंजिनावर बसतं ते प्लॅस्टिक बहुतेक वेळा नायलॉन 66 असतं, त्यात वजनाच्या साधारण 30 टक्के काचेचे बारीक तंतू मिसळलेले. ते 260 अंशांच्या आसपास वितळतं. ॲल्युमिनियमच्या निम्म्या घनतेचं, आणि साच्यातून गुळगुळीत निघतं. हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डसाठी तर ते धातूपेक्षा सरस. ॲल्युमिनियम इंजिनाची उष्णता आतल्या हवेला पोचवतं, नायलॉन फारसं पोचवत नाही. हवा थंड राहिली की दाट राहते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त. म्हणजे ज्या पोराला दोन घोडे जास्त हवेत त्याच्या बाजूनं इथे प्लॅस्टिकच उभं आहे.

टायमिंग चेन घ्या. चेन पोलादी, पण ती ज्या पट्ट्यांवरून घसरते त्या नायलॉनच्या. तिथे धातूवर धातू घासला तर आवाज आणि झीज दोन्ही वाढतील. आणि 1980च्या दशकात अमेरिकेत मॅटी होल्ट्झबर्ग नावाच्या माणसानं पोलिमोटर नावाचं इंजिनच उभं केलं, ज्याचा ब्लॉकसुद्धा प्लॅस्टिकचा होता. 1984-85मध्ये ते लोला कंपनीच्या रेसिंग गाडीत बसून शर्यतीत धावलं. सिलिंडरचे अस्तर, क्रँकशाफ्ट, पिस्टनचा माथा, म्हणजे जिथे आग आणि मार आहे तिथे धातूच होता. कुठे काय चालतं, हे त्याला ठाऊक होतं.

लोखंडी जुन्या गाड्यांबद्दल फार हळवं व्हायलाही नको. अँबॅसिडर कोणत्याही गावात दुरुस्त व्हायची हे खरं. ती कोणत्याही गावात दुरुस्तीला यायची हेही तितकंच खरं.

मग अडतं कुठे? पाण्यात. कूलंटच्या वाटेवरचे भाग, म्हणजे थर्मोस्टॅटचं घर, पंपाचं घर, पाइप जिथे इंजिनाला जोडतो ते तोंड, हे रोज गरम पाणी आणि ग्लायकॉल पितात. रोज तापतात, रोज निवतात. नायलॉनच्या लांब साखळ्या वर्षांमागून वर्षं तुटत जातात आणि चिवट असलेला भाग ठिसूळ होतो. बाहेरून काही दिसत नाही. रंग काळा तो काळाच.

आमच्या पिपरी मेघेत मे महिन्यात पारा 45च्या वर जाणं ही काही बातमी नाही. शेजारून समृद्धी महामार्ग गेलाय. 2022च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी खुला झाला तेव्हापासून इथल्या पोरांना पहिल्यांदा असा रस्ता मिळाला जिथे गाडी तासन्‌तास 120नं पळू शकते. त्याआधी आर्वी नाका ते सेवाग्राम चौकात टर्बोला काय कळणार? आता कळतं. इंजिनालाही कळतं.

माझ्या मित्रानं एक युरोपीय टर्बो-पेट्रोल सेडान घेतली, दहा वर्षं जुनी, साडेचार लाखांना. नवी असताना अठरा लाखांची. दोन उन्हाळे मजेत गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात कूलंट कमी व्हायला लागलं. जमिनीवर थेंब नाही, सायलेन्सरमधून धूर नाही. गॅरेजवाल्या भाऊंनी मॅनिफोल्ड उतरवला, आत हात घातला आणि थर्मोस्टॅटच्या घराचा एक तुकडा बोटांत धरून बाहेर काढला.

"पाय, बिस्कुट झालं याचं," ते म्हणाले. त्यांनी दाबलं, आणि खरंच ते बिस्किटासारखं मोडलं.

"नुसतं हेच मिळते का भाऊ?"

"कुठचं मिळते! पंप, थर्मोस्टॅट, घर, पुरा सेटच येते. पंप चांगला हाय तुया, पण तोही फेका लागते."

बिल अठ्ठावीस हजार. मित्र गाडीच्या कंपनीला जी नावं ठेवत होता ती इथे छापत नाही. त्याच्या मते हे मुद्दाम केलेलं होतं: वॉरंटी संपली की पार्ट मोडावा, असंच बनवलेलं.

मला कट वाटत नाही. मी अशा खोल्यांमध्ये बसतो. आमच्याकडे प्रश्न असतो, किती जुन्या अँड्रॉइडपर्यंत ॲप चालवत ठेवायचं? कोणी म्हणत नाही की गरिबांचे फोन बंद पाडूया. स्क्रीनवर एक आलेख असतो, त्याच्या टोकाला एक बारीक शेपूट. शेपूट कापलं जातं. त्या शेपटात कोण आहे हे खोलीतल्या कोणालाही बघायचं नसतं असंही नाही. ते तिथून दिसतच नाही. गाडीच्या भागाचंही असंच ठरत असणार. वजन कमी हवं, कारण कंपनीच्या सगळ्या गाड्यांचा सरासरी इंधनखर्च आपल्याकडे 2017पासून नियमात बांधलाय आणि 2022पासून तो नियम अजून कडक झाला. किंमत कमी हवी. मग इतक्या तासांची चाचणी, इतके किलोमीटर, पास. त्यापुढचा काळ कोणाच्याच कामात मोडत नाही. आणि नेमक्या त्या काळात गाडी साडेचार लाखांना पिपरी मेघेत येते.

तरी कट नाही म्हणून दोष नाही, असं होत नाही. टायमिंग बेल्ट आठवा. रबरी, म्हणजे नायलॉनहूनही नाजूक. तो तुटला तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडतात आणि सगळंच संपतं. तरी टायमिंग बेल्टला कोणी फसवणूक म्हणत नाही. का? कारण मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं: इतक्या किलोमीटरला किंवा इतक्या वर्षांनी बदला. टायरवर तर कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला तो आकडाच कोरलेला असतो. या वस्तू मरणार आहेत आणि ते त्या सांगतात. थर्मोस्टॅटचं घर सांगत नाही. मॅन्युअल उघडा, त्याचं नावसुद्धा नाही. कधीकधी "लाइफटाइम" असा शब्द असतो, गिअरबॉक्सच्या तेलापुढे हमखास. कोणाचं लाइफटाइम? पहिल्या मालकाचं, असा त्याचा अर्थ मला तरी लागतो.

म्हणून प्लॅस्टिक की धातू हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. भाग किती जगणार याचा अंदाज बनवणाऱ्याकडे असतो, वापरणाऱ्याकडे नसतो, आणि न सांगितल्याचा खर्च मात्र वापरणाराच भरतो. ॲल्युमिनियमचा भाग बसवला तरी हे तसंच राहतं. त्यात कोणी बोअरचं पाणी ओतत राहिलं तर तोही आतून सडतो.

वर्ध्यात राहून गांधींचं नाव घेतलं की लोक जांभई देतात, हे मला माहीत आहे. पण ही गोष्ट चरख्याची कमी आणि स्पेसिफिकेशनची जास्त आहे. 1929मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्याच्या डिझाइनसाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. त्या काळचे एक लाख! अटी वाचल्या तर आजच्या टेंडरसारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत. नीट निगा राखली तर यंत्र किमान 20 वर्षं चाललं पाहिजे. आणि वर्षाची देखभाल यंत्राच्या किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त होता कामा नये. बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. पण आयुष्य आणि देखभाल हे डिझाइन करणाऱ्याचं काम आहे, मालकाच्या नशिबाचा भाग नाही, हे त्या अटींत साध्या आकड्यांत लिहिलं होतं.

तोच 5 टक्क्यांचा नियम मित्राच्या गाडीला लावून बघा. अठरा लाखांचे पाच टक्के म्हणजे नव्वद हजार. अठ्ठावीस हजारांचं बिल आरामात पास. आता साडेचार लाखांचे पाच टक्के काढा: साडेबावीस हजार. एकाच पार्टमध्ये नापास. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, पार्टची उतरत नाही. पहिल्या मालकासाठी जो किरकोळ खर्च असता तो तिसऱ्या मालकासाठी दोन महिन्यांचा पगार होतो, आणि नेमका तिसऱ्याच मालकाच्या वेळी तो येतो.

मगनवाडीत बसून ग्रामोद्योग संघाचं काम करणारे जे. सी. कुमारप्पा या भांडणात कोणाच्याच बाजूनं उभे राहिले नसते. टिकाऊ अर्थव्यवस्थेवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक भेद केलाय: काही संपत्ती साठ्यातली, काढली की कमी होणारी, आणि काही वाहती, पुन्हा येणारी. नायलॉनचं मूळ तेलात आणि ॲल्युमिनियमचं खाणीत. दोन्ही साठ्यातलीच. पोरांना हे ऐकवलं तर म्हणतील, मग काय लाकडाचं इंजिन बनवू? रास्त आहे. पण ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा ओतता येतं, भंगारवाला त्याला किलोचा भाव देतो. काच मिसळलेलं ठिसूळ नायलॉन तो हातातही धरत नाही. गॅरेजमागच्या ढिगात ते तसंच पडून आहे.

मित्रानं यंदा दिवाळीनंतर गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक हिंगणघाटचा, माझ्याच वयाचा, नुकता नोकरीला लागलेला, टेस्ट ड्राइव्हमध्ये टर्बो लागताच हसणारा. मित्रानं मला बाजूला घेतलं. भाऊंनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की चेनच्या पट्ट्यांचं वय झालंय, सकाळी स्टार्ट करताना दोन सेकंद खडखड येते, वर्षभरात काम निघेल. दुपारी इंजिन गरम असताना ती खडखड येत नाही, आणि गिऱ्हाईक दुपारी आलं होतं.

"सांगू का बे?"

"ज्या कंपनीला तू शिव्या देत होतास," मी म्हटलं, "तिच्या मॅन्युअलमध्ये कोणतं पान नव्हतं?"

तो थोडा वेळ टायरकडे बघत राहिला. मग जाऊन त्यानं सांगितलं. पट्ट्या, अंदाजे खर्च, भाऊंचा नंबर. त्या पोरानं फोनवर कोणाशी तरी दहा मिनिटं बोलून घेतलं, परत आला, पन्नास हजार कमी करायला लावले आणि गाडी घेऊन गेला. मित्र अजून म्हणतो की पन्नास फार होते, तीसमध्ये झालं असतं.