बापाचा वाटा

इंद्रप्रस्थात राजसूय यज्ञ पाहून परतलेला दुर्योधन दिवसेंदिवस खंगत चालला. शकुनीने ही गोष्ट धृतराष्ट्राच्या कानी घातली. बापाने मुलाला जवळ बोलावून विचारलं: अंगावर उंची वस्त्रं आहेत, ताटात मांसोदन आहे, बसायला जातिवंत घोडे आहेत, मग तू असा वाळलास कशाने? सभापर्वातला हा प्रश्न मराठी घरांतही रोज ऐकू येतो. तुला आम्ही काय कमी केलं, असं आईबाप कळवळून विचारतात आणि आपण दिलेल्या वस्तू मोजून दाखवतात.

दुर्योधनाने आडपडदा ठेवला नाही. पांडवांचं वैभव आपल्याला बघवत नाही, हे त्याने सरळ सांगितलं आणि वर जीव देण्याची धमकी दिली. हे वावगं आहे हे धृतराष्ट्राला कळत होतं. द्वेष करू नकोस, असं त्याने समजावूनही पाहिलं. पण मुलाच्या हट्टापुढे ते टिकलं नाही. हजार खांबांची, शंभर दारांची सभा उभारण्याची आज्ञा सुटली. विदुराने विरोध केला, तर पांडवांना द्यूताचं बोलावणं घेऊन त्या विदुरालाच धाडलं.

मग तो दिवस उजाडला. द्रौपदी पणाला लागली तेव्हा भीष्म, द्रोण, कृप यांना घाम फुटला. विदुर डोकं धरून खाली मान घालून बसला. आणि धृतराष्ट्र? जिंकलं का, जिंकलं का, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. व्यासांनी नोंदवून ठेवलं आहे की त्याला आपला आनंद लपवता आला नाही. पुत्रप्रेमाचं इतकं उघडंवाघडं चित्र दुसरं सापडणं कठीण.

धर्मविचारातला एक अवघड प्रश्न इथे उभा राहतो. मुलाच्या पापात बापाचा वाटा किती? कर्मसिद्धांताचं उत्तर चोख आहे: ज्याचं त्याने भोगायचं. वाल्या कोळ्याची गोष्ट महाराष्ट्रात लहानपणापासून ऐकवली जाते ती याचसाठी. पापात वाटेकरी व्हाल का, असं त्याने घरी जाऊन विचारलं आणि बायकामुलांनी हात झटकले. कमाई खाणाऱ्यांवर पापाचा भार येत नसेल, तर तरण्याताठ्या मुलाच्या करणीचा भार बापाने का वाहायचा?

महाभारत याचं उत्तर गांधारीच्या तोंडून देतं. उद्योगपर्वात कृष्णशिष्टाई फिसकटू लागते, दुर्योधन सभेतून तडक निघून जातो, तेव्हा त्याला वळवण्यासाठी गांधारीला बोलावलं जातं. ती आधी नवऱ्यालाच बोल लावते. मुलाचं पाप तुम्हाला ठाऊक होतं, तरी त्याच्या प्रेमापोटी तुम्ही त्याच्याच मनाप्रमाणे वागत आलात, दोष तुमचाच आहे, असं ती भर सभेत सांगते. त्याआधी, द्यूताच्या दुसऱ्या डावाच्या वेळीही, कुळासाठी या एका मुलाचा त्याग करा, असं तिने विनवलं होतं. कुळाचा नाश व्हायचा असेल तर होवो, मला तो आवरता येत नाही, हे धृतराष्ट्राचं उत्तर.

दुर्योधनाच्या पापातला हिस्सा गांधारी धृतराष्ट्राच्या पदरात टाकत नाही. ती त्याला त्याचं स्वतःचं कर्म दाखवते. वाल्याला वाट मारायला घरच्यांनी सांगितलं नव्हतं. धृतराष्ट्राने मात्र जाणूनबुजून सभा बांधून दिली. पोराने काय केलं हा एक हिशेब, आणि बापाने माहीत असून मान डोलावली हा दुसरा. दुसरा हिशेब बापाचा एकट्याचा आहे आणि तो पोराच्या नावावर टाकता येत नाही.

पुण्यात 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्श गाडीच्या धडकेत मध्य प्रदेशातले दोन तरुण अभियंते ठार झाले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवणारा अठरा वर्षांचाही नव्हता आणि दारू प्यायलेला होता. त्याला काही तासांत जामीन मिळाला. रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट त्यात होती आणि देशभर संताप उसळला तो त्या निबंधावर. पण त्याहून जास्त अस्वस्थ करणारं आहे ते नंतरचं. मुलाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात बदलून तिथे आईचं रक्त ठेवलं गेलं, गुन्हा अंगावर घेण्यासाठी घरच्या ड्रायव्हरला डांबून ठेवलं, असे आरोप पोलिसांनी ठेवले. वडील, आई, आजोबा, तिघांनाही अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. ते खरे ठरले तर तीन वडीलधाऱ्यांनी मिळून एका मुलाला काय शिकवलं, याचा विचार करवत नाही.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली 199-अ हे कलम आलं, ते जणू गांधारीचाच निवाडा पुढे नेतं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी 12 महिने रद्द. हे आपल्या नकळत घडलं, किंवा ते रोखण्यासाठी आपण शिकस्त केली, हे पालकानेच सिद्ध करायचं. माहीत होतं का, हाच दोन्हीकडचा कळीचा प्रश्न.

लाडाची दुसरी बाजू हेळसांडीची. गांधीजींचा थोरला मुलगा हरिलाल याला विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचं होतं. वडिलांचा औपचारिक शिक्षणावर विश्वास उरला नव्हता. विलायतेत शिकण्याची संधी चालून आली, ती दुसऱ्यांना मिळाली. 1911 मध्ये तो घर सोडून गेला. पुढे दारू, कर्ज, बापाविरुद्ध जाहीर बंड. मुलांना हवा तेवढा वेळ देता आला नाही, ही त्यांची तक्रार आहे, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे. थोरल्यातले दोष हे आपल्याच तरुणपणातल्या बेशिस्तीचा पडसाद आहेत, असंही ते म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाने दोष आपल्याकडे घेतला, हे धृतराष्ट्राला कधी जमलं नाही. पण शाळा नाकारल्याची खंत मात्र त्यांना वाटली नाही. बापाच्या हत्येला पाच महिने व्हायच्या आत, 18 जून 1948 ला, हरिलाल मुंबईत क्षयाने गेला. दुर्योधनाला मागेल ते मिळालं, हरिलालला एक गोष्ट मागूनही मिळाली नाही. मुलाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून मग विचाराने हो किंवा नाही म्हणायचं, हे दोन्ही घरांत राहून गेलं.

गावोगावी दहावीचा निकाल लागला की क्लासला जायला स्कूटर येते. जवळच तर जायचंय, सगळेच देतात, आमचा छान चालवतो. सोळा पूर्ण झाल्यावर 50 सीसीच्या आतली विनागिअरची दुचाकी तेवढी कायद्याला चालते. दारात उभी असते ती बहुधा 110 किंवा 125 सीसीची. ज्यांच्या घरी सोळा-सतरा वर्षांचं मूल आहे त्यांनी ती चावी आजच आपल्याकडे घ्यावी, कारण सांगावं, आणि मूल आठ दिवस बोललं नाही तरी शब्द फिरवू नये.