जर्नल मिटा, नळीकडे बघा

पेनं खाली ठेवा आणि जर्नल मिटा. आज मी कोणाच्याही जर्नलवर सही करणार नाही.

नॅफ्थलीनचा द्रवणांक काढा, एवढंच काम दिलं होतं. केशनलिकेत चिमूटभर पूड भरायची, ती तापमापीला बांधायची, नळी हळूहळू तापवायची आणि पूड नेमकी कधी वितळते ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. तुमच्या सगळ्यांच्या जर्नलमध्ये उत्तर एकच आहे, ८०.२६ अंश सेल्सिअस. आपल्या तापमाप्यांवर एकेका अंशाच्या खुणा आहेत. दोन खुणांमधला अर्धा अंश अंदाजानं सांगता येतो, फार तर. मग अंशाचा शंभरावा भाग तुम्हाला दिसला कुठे? पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात दिसला. तुम्ही तो तिथून उचललात, निरीक्षणाच्या रकान्यात टाकलात आणि खाली ‘अनुमान’ लिहून रेघ मारलीत.

आता नीट ऐका. डाव्या टेबलावरच्या बाटलीत शुद्ध नॅफ्थलीन नव्हतंच. त्यात मी मुद्दाम बेंझोइक आम्ल मिसळलं होतं. बेंझोइक आम्ल एकटं वितळतं १२२ अंशांना. म्हणून तुम्हाला वाटेल की मिश्रण ८० आणि १२२ च्या मध्ये कुठेतरी वितळेल. तसं होत नाही. ते ८० च्या बरंच आधी मऊ पडायला लागतं, आणि एका अंशावर चटकन वितळण्याऐवजी काही अंशांच्या पट्ट्यात रेंगाळत वितळतं. डाव्या टेबलावरच्या एकानंही हे लिहिलेलं नाही. दोघांच्या पानांवर मात्र आधी लिहिलेला आकडा खोडून वर ८०.२६ लिहिलंय. मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटलं. ज्यानं बघितलं नाही त्याला बघायला शिकवता येतं. ज्याला दिसलं, आणि पुस्तकाशी जमत नाही म्हणून ज्यानं ते खोडलं, त्याला मी काय शिकवू?

तो खोडलेला आकडा बरोबर होता. ‘ही पूड शुद्ध नाही’ असं तो सांगत होता. द्रवणांक त्यासाठीच काढतात. शुद्ध पदार्थ ठरलेल्या तापमानाला झटकन वितळतो. भेसळ असली की तापमान खाली येतं आणि पट्टा रुंदावतो. तुमच्यातले काही जण उद्या तारापूरला नाहीतर लोटे-परशुरामला एखाद्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला बसाल. समोर औषधात जाणाऱ्या पुडीचा नमुना येईल आणि द्रवणांक चार अंशांनी कमी भरेल. तिथेही तक्त्यातला आकडा लिहून पिंप पुढे सोडणार आहात का?

१८७१ मध्ये मेंडेलीव्हनं तोवर कोणी न पाहिलेल्या एका मूलद्रव्याची घनता आधीच सांगून ठेवली होती, सुमारे ६. ॲल्युमिनियमच्या खालचं घर रिकामं आहे, तिथे बसणारा धातू असा असा असेल, असं त्यानं मांडलं. १८७५ मध्ये लेकॉक द ब्वाबोद्रान या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला तो धातू सापडला. तोच गॅलियम. त्यानं घनता मोजली ती ४.७ आली. मेंडेलीव्हनं कळवलं, तुमचा नमुना शुद्ध नसावा, पुन्हा मोजून बघा. आता विचार करा, त्या फ्रेंच माणसानं काय केलं? मेंडेलीव्ह म्हणतो म्हणून ६ लिहून टाकलं का? त्यानं धातू पुन्हा शुद्ध केला, पुन्हा मोजला आणि ५.९ आली तेव्हा ५.९ लिहिली. आज आवर्तसारणी तुमच्या भिंतीवर टांगलेली आहे, तिच्यावर जगाचा विश्वास बसायला अशी प्रामाणिक मोजणी कारण झाली. तुमच्यासारखी उतरवाउतरव झाली असती, तर मेंडेलीव्हचं म्हणणं खरं की खोटं हे ठरलंच नसतं.

जर्नलचं झालं. आता चाचणीचे पेपर.

‘भौतिक आणि रासायनिक गुणधर्मांतील फरक स्पष्ट करा.’ सगळ्यांनी तीच ओळ लिहिली: भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक बदल उलटवता येत नाही. ही ओळ सातवी-आठवीपासून तुमच्या डोक्यात घट्ट बसली आहे. मी ती आज उपटून काढणार आहे. गिरणीतून आलेलं पीठ परत गहू होतं का? नाही ना? म्हणजे दळणं रासायनिक झालं का? फुटलेली काच, किसलेलं खोबरं, फाडलेला कागद यांतलं काहीही परत येत नाही, आणि यांत रासायनिक काहीही नाही. उलट घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. वीज देताना तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होतं, चार्ज करताना त्याच लेड सल्फेटचं पुन्हा शिसं आणि शिशाचा डायऑक्साइड होतो. पदार्थ बदलतात आणि परत येतात, रोज, वर्षानुवर्षं. ही शुद्ध रासायनिक क्रिया आहे आणि उलटवता येते. तुमच्या नियमात ती बसवून दाखवा.

मोरचूद तुम्ही स्वतः तापवलंय. निळे खडे पांढरे पडले, थेंबभर पाणी टाकल्यावर परत निळे झाले. एकीनं लिहिलंय, ‘रंग परत आला म्हणून भौतिक बदल.’ अगं, नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमले होते, ते तू बघितलेस ना? ते पाणी आलं कुठून? खडे कोरडे होते. मोरचुदाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६ ग्रॅम पाणीच असतं, स्फटिकाच्या आत, ठरलेल्या प्रमाणात बांधलेलं. उष्णतेनं ते बंध तुटले, पाणी बाहेर पडलं, मागे वेगळ्या संघटनाचा पदार्थ राहिला. आणि पाणी टाकल्यावर नळी हाताला गरम लागली, ती का लागली असेल, हे एकानंही विचारलं नाही. नवे बंध जुळताना उष्णता बाहेर पडत होती. पदार्थाचं संघटन बदललं की तसंच राहिलं, प्रश्न एवढा एकच असतो. उलटता येतं का, रंग बदलला का, बुडबुडे आले का, हे सगळे नुसते इशारे आहेत. इशाऱ्यावरून निकाल द्यायचा नसतो.

रंगाचंच बघा. आयोडीनचे काळपट खडे तापवले की जांभळी वाफ होते. रंग बदलला म्हणून अर्ध्या वर्गानं ‘रासायनिक’ लिहिलं. वाफेत आयोडीनचाच रेणू आहे, खड्यातही तोच. ते नुसतं संप्लवन आहे. बुडबुड्यांची गत याहून वाईट. ‘पाणी उकळताना हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे येतात.’ हे वाक्य अकरावी शास्त्राच्या पेपरात आहे! तसं असतं तर प्रत्येक स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवताच स्फोट झाले असते. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात पाण्याचीच वाफ असते.

आणि ‘विरघळणे’ हा शब्द जपून वापरा. मीठ पाण्यात विरघळतं. पाणी आटवा, तेच मीठ ताटलीत परत मिळतं. जस्ताचे तुकडे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले की तेही दिसेनासे होतात, आणि तुम्ही लिहिता ‘जस्त विरघळले.’ ते द्रावण आटवून बघा. जस्त मिळणार नाही, झिंक क्लोराइड मिळेल. मधल्या वेळात हायड्रोजन निघून गेलेला असतो.

माणसाची उंची, वजन, रंग त्याला धक्का न लावता कळतात. त्याचा राग कळायला कोणीतरी त्याला डिवचावं लागतं. रासायनिक गुणधर्म असा असतो. लोखंड गंजतं हे बाटलीतल्या कोरड्या लोखंडाकडे नुसतं बघून कळणार नाही. त्याला ओलावा आणि हवा भेटावी लागते, आणि कळेपर्यंत त्यातलं काही लोखंड लोखंड राहिलेलं नसतं. घनता, उत्कलनांक, काठिण्य, वीजवाहकता यांसाठी पदार्थ खर्ची घालावा लागत नाही. मोजून झालं की तो तोच राहतो.

आता सोडियमच्या प्रश्नाकडे या. मी प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा तुम्ही सगळे माना उंचावून बघत होतात, टाळ्याही वाजवल्यात. उत्तर काय लिहिलंत? ‘सोडियम पाण्यावर पेट घेतो, म्हणून तो रासायनिक आहे.’ हे उत्तर आहे? रासायनिक म्हणजे काय, दोष आहे का तो? त्या अर्ध्या मिनिटात तुमच्यासमोर किती गोष्टी घडल्या, ते मोजा. मी तुकडा सुरीनं कापला, म्हणजे तो मऊ आहे: भौतिक. कापलेली बाजू चांदीसारखी चमकली: भौतिक. बघता बघता ती चमक मावळली, कारण हवेशी क्रिया झाली: रासायनिक. तुकडा पाण्यावर तरंगला, कारण घनता ०.९७ आहे, पाण्याहून थोडी कमी: भौतिक. पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटला, सोडियम हायड्रॉक्साइड झालं, फिनॉल्फ्थॅलीनमुळे पाणी गुलाबी झालं: रासायनिक. आणि तुकड्याचे कोपरे जाऊन त्याची गोल गोळी झाली, हे कोणी पाहिलं? सोडियम ९८ अंशांच्या आसपास वितळतो, आणि क्रियेतून निघालेली उष्णता तेवढी सहज होते. वितळणं भौतिक, पण त्याला लागणारी उष्णता रासायनिक क्रियेनं पुरवली. एकाच तुकड्यात, एकाच वेळी, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं होतं. हे सुटं सुटं करून सांगता येणं म्हणजे हा धडा समजणं. टाळ्या वाजवायला डोळे लागतात, उत्तर लिहायला त्या डोळ्यांमागे डोकं लागतं.

एकानं मागून विचारलंय, मॅडम, एवढं कशाला, दोन मार्कांचा तर प्रश्न आहे. उभा राहू नकोस, बसूनच ऐक. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडला, मालवणीत, विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. दारूत मिथेनॉल होतं. पेपरात तुम्ही मिथेनॉल आणि इथेनॉल दोन्हींपुढे ‘रंगहीन द्रव’ लिहून पुढे गेलात. बरोबर आहे, दोन्ही रंगहीन. दोन्हींची घनता ०.७९ च्या आसपास. दोन्ही पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतात. पेला हातात धरून कोणालाही फरक कळत नाही. त्या माणसांनाही कळला नाही. फरक आहे तो उत्कलनांकात, मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, इथेनॉल ७८.४ अंशांना. आणि खरा फरक रासायनिक आहे. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मॅल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होतं. डोळ्यांची नस त्यानं जाते, मग जीव जातो. प्रयोगशाळेत दोघांना वेगळं ओळखायचं असेल तर आयोडोफॉर्म कसोटी करा: इथेनॉल पिवळा अवक्षेप देतं, शुद्ध मिथेनॉल देत नाही. दोन मार्कांचा प्रश्न हा आहे. ‘रंगहीन द्रव’ हे अर्धवट उत्तर आहे, आणि ते अर्धवट आहे हे तुम्हाला लिहिताना खटकलं नाही, याचा मला संताप आहे.

आणखी एक, मग सोडते. ‘पाणी १०० अंशांना उकळते’ लिहून पूर्णविराम देऊ नका. कोणत्या दाबाला, ते लिहा. महाबळेश्वरला साध्या भांड्यात पाणी ९५-९६ अंशांना उकळतं, आणि कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे १२० च्या आसपास जातं. पाणी तेच. परिस्थिती न सांगता दिलेला आकडा मी यापुढे चूक धरणार.

पुढच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाला एकेक पांढरी पूड मिळेल. बाटलीवर नाव नसेल, फक्त क्रमांक. शेजाऱ्याची पूड वेगळी असेल, तेव्हा मान वळवून उपयोग नाही. पाण्यात टाका, तापवा, आम्लाचा थेंब घाला, वीज वाहते का पाहा. प्रत्येक पायरीला नळीत काय दिसलं ते आधी लिहायचं, अनुमान नंतर, आणि प्रत्येक अनुमानापुढे गुणधर्म भौतिक की रासायनिक, तेही कारणासकट. काहीच झालं नाही तर ‘काहीच झालं नाही’ असं लिहा, तेही निरीक्षणच आहे. खोडाखोड केलेलं निरीक्षण मी वाचेन, पण पांढरी शाई लावलेलं पान फाडून हातात देईन. वास घ्यायचा तो नळी नाकाखाली धरून नाही, हातानं वारा घालून. चाखायचं काहीही नाही. गॉगल नसेल त्याला आत घेणार नाही. पुस्तकं आणि जुनी जर्नल बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची. दार पावणेअकराला बंद होईल.