लांबी भरण्यापूर्वी

पांढुर्णा-सौंसर भागात पाऊस ओसरला की दिवाळीपूर्वी घरोघर रंगकाम निघते. भिंतीवरील भेगा व खड्डे लांबीने भरावयाचे, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून सपाट करावयाचे व मग रंग द्यावयाचा, असा हा क्रम. काम साधे आहे. परंतु त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. भिंत दुरुस्त करणे आणि भिंतीचा दोष लपविणे यांत फरक कोणता? लांबी तीच, कागद तोच, आणि शेवटी दिसणारी गुळगुळीत भिंतही तशीच!

हा फरक शेवटी दिसत नाही. तो आरंभी असतो. जाणता कारागीर भेग प्रथम बुजवीत नाही, तर मोठी करतो. तिच्या कडा कोरून तो सुटा गिलावा काढतो. भोवताली ठोकून पाहतो, आणि आवाज पोकळ आला तर तेथील गिलावाही उतरवितो. मग धूळ झाडून जागा किंचित ओली करतो. नाही तर कोरडा गिलावा लांबीतील पाणी शोषून घेतो व लांबी धरत नाही. खोल खड्डा तो एका थरात भरीत नाही, कारण जाड थर वाळताना आकसून पुन्हा फुटतो. शेवटी घासताना दिवा भिंतीलगत तिरपा धरतो. समोरच्या उजेडात लपलेला उंचसखलपणा त्या उजेडात उघडा पडतो.

काही भेगा मात्र लांबीच्या नसतातच. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला तर घर तिच्याबरोबर हलते. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून वर्षानुवर्षे उघडणारी भेग ही बहुधा पायाची तक्रार असते. अशा भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून ठेवतात. ती तडकली की भिंत अजून हलत आहे असे समजावे. ती भेग घाईने बुजवून, रंग देऊन, घर दुसऱ्याला विकणे ही फसवणूक होय. त्या भिंतीखाली उद्या कोणाची तरी लेकरे निजणार आहेत.

लेवीय 14 व्या अध्यायात चट्टा पडलेल्या घराविषयी नियम आहे. याजकाने घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा पाहावे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढावे, आतील गिलावा खरवडून नगराबाहेर टाकावा, दुसरे दगड बसवावे आणि मगच नवा गिलावा करावा. एवढे करूनही चट्टा परत आला व पसरला, तर घर पाडावे. आधी पाहणे, मग खरवडणे, आणि लिंपणे सर्वांत शेवटी, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

आपल्या घरांतील व मंडळीतील भांडणांत आपण हा क्रम पाळतो काय? दोघा भावांत शेताच्या वाटणीवरून वितुष्ट येते. वडीलधारी मंडळी म्हणतात, “झाले गेले विसरा, हात मिळवा.” हात मिळतात, फोटो निघतो, धुरा मात्र सरकलेलाच राहतो. पुढच्या पेरणीला भेग पुन्हा उघडते.

कोणी विचारील, प्रीती पापांची रास झाकते असे पेत्राने लिहिले आहे ना? मग खरवडावे कशाला? आम्हांस वाटते, झाकण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा आहे. ज्याने नुकसान केले त्याचा नव्हे. दुखावलेल्याने झाकले तर ती क्षमा. दुखविणाऱ्याने झाकले तर तो नुसता रंग. त्याने आधी धुरा जागेवर आणावा.

खरवडण्यालाही मर्यादा आहे, हेही तितकेच खरे. भरलेली जागा घासतच राहिले तर तेथे नवा खळगा पडतो. दोष मान्य झाला, भरपाई झाली, त्यानंतर जुनी गोष्ट दर सणाला उकरून काढणे ही दुरुस्ती नव्हे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एवढेच सुचवावेसे वाटते. दोन मुले भांडली तर त्यांना लगेच “सॉरी म्हण” असे सांगू नये. कोणाची पेन्सिल मोडली, कोणी मोडली, हे दोघांकडून ऐकून घ्यावे. पेन्सिल परत द्यावयास लावावी. मग हात मिळवू द्यावे, आणि पुढच्या रविवारी तो विषय काढू नये.