मागे उरलेला भिक्षू

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात बाहेरची माणसे जातात ती बहुधा काहीतरी द्यायला. कोणी अक्षर नेतो, कोणी औषध, कोणी धर्म. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की द्यायला गेलेल्याने घ्यायलाही शिकले पाहिजे काय?

याच पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सोपारा आहे. या प्राचीन बंदराशी दोन धर्मप्रचारकांच्या कथा निगडित आहेत. पहिला बुद्धशिष्य पूर्ण. तिकडचे लोक कठोर. त्यांनी शिव्या दिल्या तर? मारले तर? जीवच घेतला तर? असे बुद्धांनी त्याला विचारले आणि प्रत्येक प्रश्नाला त्याने शांतपणे उत्तर दिले, असे बौद्ध परंपरा सांगते. परंतु एक प्रश्न तेथे आलेला नाही: त्यांनी मारले नाही, आणि त्यांच्यातच दिवस काढावे लागले तर?

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या चरित्रात सापडते. जॉर्डनस हा फ्रान्समधला डोमिनिकन भिक्षू. १३२१ मध्ये तो चार फ्रान्सिस्कन भिक्षूंबरोबर ठाण्यास उतरला. तो भडोचच्या दिशेने गेला असताना ठाण्यात काझीसमोर धर्माचा वाद पेटला आणि एप्रिल महिन्यात ते चौघे मारले गेले. जॉर्डनसने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले.

मरणाऱ्याची कसोटी एका दिवसात संपते. मागे उरलेल्याची रोज सकाळी नव्याने सुरू होते. १३२४ च्या जानेवारीत ठाण्याहून लिहिलेल्या पत्रात जॉर्डनसचे एकाकीपण आणि हाल स्पष्ट दिसतात. पुढे १३२९ मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. हिंदुस्थानाविषयी त्याने लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात आंबा आहे, आणि एकच फळ पाचजणांना पुरेल असा फणस आहे. येथील लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायाला जपणारे आहेत, असेही तो सांगतो. तो उदारमतवादी नव्हता. आपलाच धर्म खरा, हे त्याचे मत कधी ढळले नाही. तथापि ज्यांना शिकवायला आला, त्यांच्यातले चांगले त्याने पाहिले आणि लिहून ठेवले.

कोणी म्हणेल, औषधाचा गुण देणाऱ्याच्या स्वभावावर थोडाच अवलंबून असतो? खरे आहे, पण मूल दवाखान्यापर्यंत आणायचे असते ते आईला, आणि ती आणते ओळखीच्या माणसाकडे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. हळहळ लवकर ओसरते. ती ओसरल्यावरही जो तेथे राहतो, नागलीची भाकरी खातो, बोहाड्यात देवांचे मुखवटे चढवून गाव रात्र जागवते तेव्हा कडेला बसून पाहतो, त्याच्या शब्दाला वजन येते.

आपला विचार सोडून द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. परक्या घरी ज्ञान घेऊन जाणाऱ्याने आधी त्या घरचे पाणी प्यावे, इतकेच. दिवाळीत फराळाचे ताट शेजारी पाठवले, तर तेही रिकामे परत येत नाही.