गाडी आईच्या गुडघ्यांना विचारून घे

उभा राहा आणि नीट ऐक. मध्ये बोलायचं नाही.

वीस लाखांची डिझेल स्कॉर्पिओ-एन घ्यायला निघालास. सात आसनं, छतात उघडणारी काच, सात वर्षांचं कर्ज. परवा फोटो दाखवून विचारलंस, "सर, कशी आहे?" तुझी आई समोर बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. आता सांगतो. गाडी भक्कम आहे, चांगली आहे, आणि तुझ्या कामाची नाही.

तुझं काम मला ठाऊक आहे. घर अमरावतीत गाडगेनगरला, नोकरी राजापेठेत. सकाळी पंचवटी, इर्विन, राजकमल करत जायचं, संध्याकाळी त्याच वाटेने परतायचं. मध्ये पोराला शिकवणीहून आणायचं, आईला डॉक्टरकडे न्यायचं, मंगळवारी अंबादेवीला. पाचेक किलोमीटरच्या पलीकडे तुझी गाडी जाणार कधी, तर महिन्यातून एखाद्या वेळी बहिणीकडे अकोल्याला आणि पावसाळ्यात एकदा चिखलदऱ्याला. तेवढ्यासाठी रोजच्या जगण्यावर हा बोजा चढवतोस? काऊन रे, गल्लीतल्या चार लोकांनी वळून पाहावं म्हणून?

अकोल्याच्या रस्त्याचं कारण तर मला देऊच नकोस. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला आणि गिनीजमध्ये नोंद झाली. अशा रस्त्यावर लहान गाडी सुखाने जाते. अडचण पुढे आहे, अकोल्यात टिळक रोडला शिरल्यावर. स्कॉर्पिओ-एनची लांबी ४६६२ मिलिमीटर आणि रुंदी १९१७. वॅगनआर ३६५५ आणि १६२०. म्हणजे तुझी गाडी मीटरभर जास्त लांब आणि जवळजवळ फूटभर जास्त रुंद. आणि बाजाराच्या दिवशी अमरावतीच्या इतवाऱ्यात हा फूटभर कुठून आणणार आहेस?

आता डिझेलचं. इथे तू अभ्यासच केलेला नाहीस, याचा मला खरा राग आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. कंदिलाच्या काचेवर धरते तशी काजळी तिच्यात साठत जाते, आणि धूर पुरेसा तापला की ती आपोआप जळून जाते. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने पंधरा-वीस मिनिटं तरी पळावी लागते. तू इर्विनच्या सिग्नलला थांबणार, राजकमलला थांबणार, आणि इंजिन धड तापायच्या आत गाडी बंद करणार. जाळी तुंबते, समोर दिवा लागतो. काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल ओततं, त्यातलं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करतं. मग काजळी जाळण्यासाठी म्हणून तू रविवारी हायवेवर चकरा मारत बसशील. शिवाय आपल्या राज्यात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रस्ता कर आहे, डिझेलला १४. रोज दहा किलोमीटर चालणाऱ्याचे हे पैसे डिझेलच्या भावातून लवकर वसूल होत नाहीत. पेट्रोल इंजिनालाही थंड असताना जास्त इंधन लागतं, पण ही जाळीची कटकट तुझ्यामागे राहत नाही.

छतातल्या काचेचं कौतुक तू अकोला-अमरावतीत करतोस! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची आसनं हात लावू देत नाहीत. गाडी जितकी मोठी तितकी ती गार व्हायला वेळ जास्त, आणि तुझा प्रवास सगळा पंधरा-वीस मिनिटांचा. ती गार होते न होते तोच तू उतरणार. पांढरा रंग, फिकट कापडी आसनं आणि मागच्या सीटपर्यंत पोचणारा एसी हे तू विचारायला हवं होतंस. तू विचारलंस स्क्रीन किती इंचांची आहे.

आणि आई. तिचे गुडघे गेलेत हे तुला माहीत नाही असं मला सांगू नकोस. अंबादेवीला रिक्षातून उतरताना ती दांडी घट्ट धरते आणि क्षणभर डोळे मिटते, हे मी पाहिलंय. त्या उंच गाडीत पायदानावर चढून, हँडलला लोंबकळून तिने रोज बसायचं? अगदी बुटकी गाडीही तिच्या उपयोगाची नाही, तिच्यात खाली कोसळावं लागतं आणि उठताना कुणीतरी ओढावं लागतं. आसन कमरेच्या उंचीवर हवं. आधी आडवं टेकायचं, मग दोन्ही पाय आत घ्यायचे. दार पुरतं उघडायला हवं. पंच गाडीची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात आणि ती लांबीलाही लहान आहे. वॅगनआरमध्ये वाकावं लागत नाही, पण २०२३ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता. घ्यायची तर आजच्या मॉडेलची चौकशी करून घे. अशा लहान पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के झालाय. तुझ्या पसंतीच्या गाडीवर ४० आहे.

तुझ्या अंगणात गाडी उभी राहते आणि भिंतीवर पंधरा अँपिअरचा सॉकेट बसू शकतो. तेव्हा टियागो ईव्हीसारखी विजेवरची गाडीही चालवून पाहा. थोड्या अंतराला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही, इंजिन तापायचा प्रश्नच नाही. फक्त अकोल्याला जाऊन येणं एका चार्जिंगमध्ये धरू नकोस.

तुझ्या बायकोकडे लायसन्स आहे. लहान, क्लच नसलेली गाडी असेल तर ती सासूला घेऊन स्वतः दवाखान्यात जाईल, पोराला आणेल, तुझ्या सुट्टीची वाट पाहणार नाही. तुझी ती मोठी गाडी ती गल्लीतून मागे घ्यायलाही धजणार नाही. घरातल्या एकाच माणसाला चालवता येईल अशी गाडी घेऊन तू तिचे हात बांधतो आहेस. तिला एकदा तरी विचारलंस का?

बुकिंगची पावती अजून फाडलेली नाही, हे बरं आहे. शनिवारी आईला आणि बायकोला घेऊन शोरूमला जा. आईला मागच्या सीटवर तीनदा बसव, तीनदा उतरव, हात देऊ नकोस. बायकोला गाडी स्वतः चालवू दे, तीही गर्दीत. विक्रेत्याशी तू बोलू नकोस, त्या दोघींना बोलू दे. आणि त्या "हो" म्हणेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करायची नाही.