मध्यरात्रीं जागें करणारें लेंकरूं

शास्त्रपाठ : १ शमुवेल ३ : १–१०



शिलो येथें वृद्ध एली आपल्या जागीं निजला होता. त्याची दृष्टि मंद झाली होती. अशा वेळीं बालक शमुवेल धांवत येऊन त्यास उठवितो. आणि एकदां नव्हे, तीनदां! एलीनें हांक मारलीच नव्हती. दुसरा कोणी असता तर त्यानें पोराला धपाटा घातला असता. एली मात्र त्यास मुलगा म्हणून संबोधितो, पुनः निजावयास सांगतो, आणि तिसऱ्या खेपेस हें मूल वारंवार कां येतें याचा विचार करितो. तेव्हां त्यास कळतें कीं, परमेश्वरच बालकास हांक मारीत आहे. पहिल्याच खेपेस त्यानें रागें भरून शमुवेलास घालवून दिलें असतें, तर तें लेंकरूं तिसऱ्यांदा त्याजकडे आलें असतें काय?

शमुवेल समजता मुलगा होता. आपल्या घरचें दीड-दोन वर्षांचें बाळ तसें नसतें. एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७० सालीं सुरू झाला. तेव्हांपासून तेथील पुष्कळ घरांची झोंप पाळ्यांच्या हिशेबानें चालत आली आहे. बाप दुसऱ्या पाळीवरून रात्रीं उशिरां येतो, आईचा डोळा नुकताच लागलेला असतो, आणि बाळराजे उठून बसतात! तांब्या लवंडतात, पिठाच्या डब्यांत हात घालतात, बापाची मिशी ओढून उजाडल्याची वर्दी देतात. आई डोळे न उघडतांच "नीज रे बाबा" म्हणते. बाप कूस बदलतो. यांत पाप नाहीं. शिणलेल्या देहास झोंप ही देवाचीच देणगी आहे. परंतु त्या झोंपेसाठीं आपण लेंकरास भय किंवा विष देऊं लागलों, म्हणजे पाप दाराशीं आलें.

भय तें कोणतें? बागुलबुवाचें, अंधाराचें, आणि सर्वांत वाईट म्हणजे "देव तुला शिक्षा करील" हें. ज्या बापाकडे मुलानें धांवत जावें, त्याचीच धास्ती आपण त्याच्या मनांत घालतों.

आणि विष? सुमारें शंभर वर्षांपूर्वीं मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या कित्येक माता तान्ह्यांस अफूची बाळागोळी देत. मूल गप्प पडून राही व आई कामावर जाई. त्या माता दुष्ट नव्हत्या. गरीब व थकलेल्या होत्या. पण अफूनें भूक मरते, श्वास मंदावतो. कित्येक बालकें त्या झोंपेंतून उठलींच नाहींत. आज आपण अफूच्या नांवानेंच दचकतों, आणि रात्रीं दोन वाजतां रडणाऱ्या मुलाच्या हातीं मोबाईल देतों! त्याच्या उजेडानें झोंप अधिकच लांबते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे कीं, दोन वर्षांखालील मुलांस असा पडदा दाखवूं नये. तसेंच वैद्याच्या सल्ल्यावांचून गुंगीचें औषधही पाजूं नये.

तर मग काय करावें? गालील समुद्रावर प्रभु येशू थकून तारवांत निजला असतां शिष्यांनीं त्यास कुरकुरत उठविलें. त्यानें आधीं वादळ शांत केलें, मग शिष्यांस प्रश्न विचारिला. मातापित्यांनो, हाच क्रम धरा. आधीं शांत करा. दिवा मंद ठेवा, घोटभर पाणी द्या, थोडें बोला, पाठीवर थोपटा. शिस्त लावणें तें दिवसां लावा. एली रात्रीं सौम्य होता हें बरें. परंतु आपल्या वाढलेल्या पुत्रांस त्यानें आवरिलें नाहीं, हा त्याचा दोष शास्त्र झांकीत नाहीं.

आणि बंधूंनो, हें ओझें एकट्या आईवर टाकूं नका. कारखान्यांत धोक्याची घंटा वाजली तर कामगार "मला झोंप येते" असें म्हणत नाहीं. घरीं लेंकरूं रडलें असतां तोच कामगार बहिरा कां व्हावा? आळीपाळीनें उठा.

इस्राएलाचा रक्षक झोंप घेत नाहीं, असें १२१ वें स्तोत्र सांगतें. आपणांस ती शक्ति नाहीं, व तो आपणांकडून ती मागतही नाहीं. परंतु ज्या बाळास अजून "देव" हा शब्दही उच्चारतां येत नाहीं, तें अंधारांत आपली हांक कोणी ऐकतो कीं नाहीं हें आपल्याच हातांवरून शिकत असतें. तेव्हां आज रात्रीं तें उठेल तेव्हां आपला हात जड न होतां मऊ असावा, अशी कृपा देव बाप आपणां सर्वांस देवो. आमेन.