बाजाराची वाट

सकाळच्या या वेळेला जरा न शोभणारं गाणं आज घेतलंय. कॅनडाच्या 'रश' या रॉक बँडचं 'सबडिव्हिजन्स', १९८२ सालचं. शब्द त्यांचे ड्रमर नील पिअर्ट यांचे. शहराच्या कडेला आखून दिलेले प्लॉट, एकासारखं एक घर, आणि शाळेत 'हा आपल्यातला, तो बाहेरचा' अशी सतत चाललेली निवड. व्हिडिओतला एकटा मुलगा शहरात भटकतो आणि व्हिडिओ गेमच्या यंत्रापुढे जाऊन उभा राहतो.

उपनगर म्हणजे घुसमट, असाच अर्थ बहुतेक जण लावतात. मला तो अर्धाच वाटतो. बँडचे गायक गेडी ली टोरांटोच्या विलोडेल उपनगरात वाढले. आईवडील पोलंडचे ज्यू, ऑश्विट्झमधून वाचलेले. अशा माणसांना तीच ती घरं, तीच ती हिरवळ, रात्री-अपरात्री दारावर थाप नाही, हे केवढं सुख वाटलं असेल! गाण्याच्या शेवटीही शहराकडे पळालेले थकतात आणि त्यांना त्याच शांत गल्ल्या आठवू लागतात.

पण व्हिडिओतल्या त्या पोराची एक तक्रार खरीच आहे. प्लॉट पाडले की घरं होतात, सोबत आपोआप होत नाही.

इथे मला मदिना आठवते. इसवी सन ६२२. मक्केत घरदार टाकून माणसं आलेली. मुहम्मद पैगंबरांनी एकेका मुहाजिराची, म्हणजे मक्केहून आलेल्या माणसाची, एकेका मदिनेकराशी भाऊ म्हणून जोडी लावून दिली. हदीसमध्ये प्रसंग आहे: अब्दुर्रहमान बिन औफ यांच्या वाट्याला साद बिन रबी आले. साद म्हणाले, माझी अर्धी मालमत्ता घ्या. अब्दुर्रहमान यांनी दुवा दिली आणि एवढंच विचारलं, इथला बाजार कुठे आहे? साद यांनी बनू कैनुका टोळीच्या बाजाराची वाट दाखवली. अब्दुर्रहमान परतले ते नफ्यात तूप आणि सुकवलेलं पनीर घेऊन. अर्धी मालमत्ता सादकडेच राहिली, भाऊपण मात्र कामी आलं.

आपल्याकडे डोंबिवलीत, खारघरला सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं, की पार्किंगचा नंबर, पाण्याची वेळ, ओला कचरा, सुका कचरा, सगळं पहिल्याच दिवशी सांगून होतं. त्यांच्या बारावीतल्या पोराला संध्याकाळी क्रिकेट कुठे चालतं, कट्टा कुठे जमतो, हे कोण सांगतं? कमिटीच्या नोटिशीत तर ते नसतंच.